‘डीबग मोड’ला मराठीत काय म्हणावे?

सांगलीच्या विश्रामबाग भागातील एका शिक्षकांचा प्रश्न आला आहे. शाळेच्या वार्षिक अंकासाठी ते जुन्या कन्सोल गेममध्ये (टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रांवरील गेममध्ये) दडलेल्या गोष्टींवर लेख लिहीत आहेत. ‘डीबग मोड’साठी, म्हणजे गेम बनवणाऱ्यांनी तपासणीकरता आत ठेवलेल्या सोयीसाठी, त्यांनी ‘दोषनिवारण अवस्था’ हा शब्द योजला. जी चित्रे आणि जे टप्पे गेममध्ये असूनही खेळणाऱ्याच्या वाट्याला येत नाहीत, त्यांना त्यांनी ‘न वापरलेली सामग्री’ म्हटले. अंकाच्या संपादकांनी हे दोन्ही शब्द खोडून सगळीकडे ‘गुप्त खजिना’ असे केले. यांतले योग्य कोणते, अशी विचारणा आहे.

‘गुप्त खजिना’ मला मान्य नाही. खजिना म्हटला की तो कोणीतरी जाणूनबुजून पुरला, आणि पुढे कोणाला तरी सापडावा अशी त्याची इच्छा होती, हे दोन्ही अर्थ आपोआप येतात. पहिला अर्थ डीबग मोडला जेमतेम लागू पडतो. न वापरलेल्या भागाला दोन्ही लागू पडत नाहीत. मराठीत ‘लपवलेले’, ‘लपलेले’ आणि ‘राहिलेले’ ही तीन रूपे वेगवेगळी आहेत, आणि हा विषय नीट मांडायचा तर त्या तिघांची गल्लत होऊ देता कामा नये.

सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्ह या कन्सोलवरील १९९२ चा ‘सॉनिक द हेजहॉग २’ उदाहरणादाखल घेऊ, कारण त्यात दोन्ही प्रकार एकाच ठिकाणी सापडतात. या गेमच्या पर्यायांच्या पडद्यावर ध्वनिचाचणीची सोय आहे. तेथे १९, ६५, ०९, १७ हे आवाज याच क्रमाने वाजवले, शीर्षकाच्या पडद्यावर परत आले आणि ए हे बटण दाबून धरून स्टार्ट दाबले, की हवा तो टप्पा निवडण्याची यादी उघडते. हे आकडे म्हणजे गेमचे प्रमुख प्रोग्रॅमर युजी नाका यांची जन्मतारीख, १७ सप्टेंबर १९६५. त्या यादीतल्या ध्वनिचाचणीत पुढे ०१, ०९, ०९, ०२, ०१, ०१, ०२, ०४ हे आवाज वाजवायचे. ही झाली अमेरिका आणि युरोपातील प्रकाशनाची तारीख, २४ नोव्हेंबर १९९२. मग पुन्हा ए धरून स्टार्ट दाबले, की डीबग मोड चालू होतो. वर डाव्या कोपऱ्यात गुणांच्या जागी गेमचा नायक सॉनिक याचे आणि पडद्याचे स्थान सोळा-आधारी अंकांत (० ते ९ आणि मग ए ते एफ) दिसू लागते. बी दाबले की सॉनिकच्या जागी एखादी वस्तू येते, ए दाबले की वस्तू बदलते आणि सी दाबले की ती वस्तू तेथे ठेवली जाते.

आता ‘दोषनिवारण अवस्था’ हा शब्द या वर्णनाशेजारी ठेवून पाहावा. या सोयीने कोणताही दोष आपोआप दूर होत नाही. सॉनिकने गोळा करायचे एखादे सोनेरी कडे भिंतीत रुतले आहे का, एखादी स्प्रिंग चुकीच्या उंचीवर बसली आहे का, हे बनवणाऱ्यांना सगळा टप्पा पुन्हा न खेळता तपासता यावे एवढ्यासाठीच ती असते. ‘निवारण’ हा पुढचा उद्योग आहे, आणि ‘अवस्था’ या शब्दाने तर गेमलाच काही आजार झाला असावा असे वाटते. म्हणून पहिल्या उल्लेखाला ‘डीबग मोड, म्हणजे बनवणाऱ्यांची तपासणीची सोय’ असे लिहावे आणि पुढे नुसते ‘डीबग मोड’ ठेवावे. वाचणारी मुले रोज ‘सायलेंट मोड’ आणि ‘फ्लाइट मोड’ म्हणतात. त्यांच्यासाठी ‘मोड’चे भाषांतर करण्याचा अट्टहास कशाला?

ती सोय उघडणाऱ्या बटणांच्या किंवा आकड्यांच्या क्रमासाठी मात्र अस्सल मराठी शब्द घडवता येतो. आपल्याकडे चोरवाट, चोरदरवाजा, चोरकप्पा, बंडीला आतल्या बाजूने शिवलेला चोरखिसा असे कितीतरी सामासिक शब्द आहेत. त्यांत चोरीचा संबंध नाही. ‘चोर’ म्हणजे वरवर पाहणाऱ्याला न दिसणारा. ‘कळ’ म्हणजे दाबायचे बटणही आणि युक्तीही. त्यामुळे अशा क्रमाला ‘चोरकळ’ म्हटले तर ते कोणालाही समजेल. अशा क्रमाला इंग्रजीत ‘चीट कोड’ म्हणतात; त्याचे ‘फसवणुकीचा संकेत’ हे भाषांतर मला म्हणूनच खटकते. नव्वदच्या दशकात आठ-बिट मशीनवर ‘काँट्रा’ची कॅसेट लावून (कार्ट्रिजला तेव्हा साताऱ्यात कॅसेटच म्हणत) वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए असे दाबून तीस लाईफ घेणाऱ्या मुलांच्या मनाला आपण कोणाला फसवतो आहोत हे शिवलेही नव्हते. त्या क्रमाचा उगमही तपासणीतलाच आहे. १९८६ मध्ये ‘ग्रेडियस’ या गेमची घरगुती कन्सोलसाठीची आवृत्ती तयार करताना कोनामी कंपनीतील काझुहिसा हाशिमोतो यांना तो गेम स्वतःलाच झेपेना, म्हणून त्यांनी तपासणीपुरती ही कळ बसवली आणि ती विक्रीच्या गेममध्ये तशीच गेली.

‘न वापरलेली सामग्री’ हा शब्द चूक नाही, पण सपक आहे. ‘सामग्री’ म्हटले की पूजेचे किंवा बांधकामाचे साहित्य डोळ्यांपुढे येते. शिवाय तो खरा प्रश्न टाळतो: भाग तयार होऊन वापरला गेला नाही, की तयार व्हायचाच राहिला? मराठीतले ‘राहिलेले’ हे रूप येथे मोठे मजेदार आहे. ‘राहिलेले काम’ म्हणजे अजून न झालेले काम, आणि ‘राहिलेली भाकरी’ म्हणजे झालेली पण न खाल्लेली भाकरी. ‘सॉनिक २’मधील ‘हिडन पॅलेस’ हा टप्पा दोन्ही अर्थांनी राहिलेला आहे. त्याचे काम अर्धवट झाले होते. विक्रीच्या गेममध्ये तो खेळता येत नाही, पण त्याच्याशी जोडली जाणारी धून ध्वनिचाचणीत आजही ऐकू येते. २०१३ मध्ये मोबाइलसाठी हा गेम नव्याने बांधला गेला, तेव्हा तो टप्पा पुरा करून त्यात घेतला. असा दुहेरी अर्थ हवा असेल तेथे ‘राहून गेलेला भाग’ लिहावे, कारण ‘राहून गेले’ म्हणताना कोणावरही ठपका येत नाही.

मात्र ‘वगळलेला भाग’ हा शब्द सरसकट वापरू नये. वगळणारा वगळलेली गोष्ट बाहेर काढतो. येथे ती आतच असते. निन्टेन्डो ६४ या कन्सोलवरील १९९७ च्या ‘गोल्डनआय ००७’ मध्ये रेअर कंपनीतल्या मंडळींनी प्रयोग म्हणून झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या संगणकाची नक्कल करणारा प्रोग्रॅम आणि त्याचे दहा गेम घातले होते. विक्रीपूर्वी तो बंद केला, पण काढला नाही, आणि २०१२ मध्ये हौशी मंडळींनी तो पुन्हा चालू करून दाखवला. असे घडण्यामागे साधा व्यवहार असतो. काम अंतिम टप्प्यात असताना एखादा तुकडा उपटला तर त्याच्यावर विसंबलेले दुसरे काही ढासळण्याची भीती असते. त्यापेक्षा तिकडे जाणारी वाट तोडणे सोपे आणि निर्धोक. अशा भागाला ‘पडून राहिलेला’ म्हणावे. ‘पडून असणे’ या क्रियापदात वस्तू शाबूत आहे, जागेवर आहे, फक्त तिला कोणी हात लावत नाही, हे सगळे येते.

‘सुपर मारिओ ब्रदर्स’मधील प्रसिद्ध ‘उणे एक’ जग मात्र या लेखात घालायचे असेल तर वेगळ्या परिच्छेदात घालावे. ते कोणी लपवलेले नाही आणि राहिलेलेही नाही. भिंतीतून आरपार जाण्याच्या चुकीमुळे गेम भलताच क्रमांक वाचतो. जगाचा आकडा ३६ येतो, म्हणजे पडद्यावर ‘३६-१’ दिसायला हवे; पण आकडे ज्या चित्रांतून दाखवले जातात त्यांतल्या ३६ व्या चित्राची जागा कोरी असल्यामुळे फक्त आडवी रेघ आणि १ उरतो. त्याला सरळ ‘चूक’ म्हणावे.

लिंगाचा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण मुद्रितशोधक तो काढतीलच. मराठीत मटकीला आलेले ‘मोड’ पुल्लिंगी आणि सुट्या पैशांची ‘मोड’ स्त्रीलिंगी. गेममधला ‘मोड’ वापरात पुल्लिंगी रुळला आहे. तेव्हा ‘डीबग मोड चालू केला’, ‘डीबग मोडमध्ये’ असे लिहावे आणि ‘डी’ दीर्घच ठेवावा.