काळी फिल्म, केरळचा निकाल आणि विजयनगरचा गाळा

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या अन्नपूर्णा रोडवर गेली अकरा वर्षे कार अ‍ॅक्सेसरीजचे दुकान चालवणाऱ्या एका वाचकांना, गाड्यांच्या काचांवर फिल्म लावण्यास न्यायालयाने आता परवानगी दिली आहे असे फिल्मच्या वितरकाकडून कळल्यामुळे, विजयनगर भागात केवळ फिल्मच्या कामासाठी दुसरे दुकान उघडायचे आहे. एकूण खर्च 16 लाख रुपये असून त्यातील साडेसहा लाखांचा माल त्याच वितरकाकडून एकरकमी घ्यायचा आहे, कारण तो 12 टक्के जादा सूट देत आहे. त्याखेरीज फिल्म मापात कापणाऱ्या प्लॉटर यंत्रासाठी तीन लाख, गाळ्याची अनामत व सजावट यांसाठी चार लाख आणि कारागिरांचे प्रशिक्षण, पाट्या वगैरेंसाठी अडीच लाख लागतील. यांपैकी आठ लाख मुदतठेव मोडून आणि आठ लाख 13 टक्के दराने पाच वर्षांच्या कर्जातून उभे करायचे आहेत. घरी पत्नी, आई, अकरावीतील मुलगी आणि सातवीतील मुलगा असून ठेवींची एकूण रक्कम नऊ लाख आहे.

सप्रेम नमस्कार.

तुम्ही हिशेबाचे कागद सोबत जोडलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. बहुतेक पत्रांत खर्चाचा आकडा असतो आणि मिळकतीच्या जागी उमेद असते. त्या कागदांवरून माझे मत असे झाले आहे की विजयनगरचे दुकान या वर्षी घेऊ नये आणि साडेसहा लाखांचा माल तर मुळीच उचलू नये. मात्र फिल्मचे काम सोडावे असे मी म्हणत नाही. ते वेगळ्या रीतीने वाढवता येईल.

प्रथम कायद्याकडे पाहू, कारण तुमची सारी योजना त्याच्या एका वाचनावर उभी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 100 नुसार पुढच्या व मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के प्रकाश आत गेला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने 27 एप्रिल 2012 रोजी अविषेक गोएंका यांच्या याचिकेवर निर्णय देताना, काच कारखान्यातूनच त्या प्रमाणात रंगीत आली तर चालेल, पण नंतर तिच्यावर कोणत्याही टक्केवारीची काळी फिल्म किंवा अन्य साहित्य लावता येणार नाही, असे ठरवले आणि 4 मेपासून ते लागू केले. पुढे नियम 100 मध्येच दुरुस्ती झाली आणि 1 एप्रिल 2021 पासून ‘सेफ्टी ग्लास’बरोबर ‘सेफ्टी ग्लेझिंग’ हा शब्द त्यात आला, ज्याच्या मानकात प्लास्टिकचा थर असलेल्या काचेचाही समावेश आहे. याच आधारावर केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये असे म्हटले की ठरलेली प्रकाश-मर्यादा पाळणारी फिल्म लावल्याबद्दल कारवाई करता येणार नाही. त्या प्रकरणात फिल्म बनवणारी कंपनी होती, दंड झालेला वाहनमालक होता आणि नोटीस मिळालेला तुमच्यासारखाच एक व्यावसायिकही होता.

वितरकाने तुम्हाला सांगितलेले एवढ्यापुरते खरे आहे. त्याने न सांगितलेल्या गोष्टी दोन आहेत. पहिली ही की एका उच्च न्यायालयाचा निकाल दुसऱ्या राज्यात मार्गदर्शक मानला जातो, बंधनकारक नव्हे. पलासियाच्या चौकात गाडी थांबवणाऱ्या हवालदारापुढे तुमच्या ग्राहकाने केरळच्या निकालाची प्रत धरली, तरी चालान फाटणारच नाही असे कोणी सांगू शकत नाही. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे आणि ती तुमच्याच वहीत लिहिलेली आहे. तुमच्याकडे वर्षभरात महिन्याला सरासरी 22 गाड्या फिल्मसाठी येतात आणि त्यांपैकी 15 ग्राहक, तुमच्या शब्दांत, ‘आतले काही दिसू नये अशी’ फिल्म मागतात. त्या 15 ग्राहकांची मागणी केरळच्या निकालानेही वैध केलेली नाही. न्यायालयाने ज्या मालाला मोकळीक दिली तो माल जवळजवळ पारदर्शक आहे, आणि तुमचा ग्राहक ज्याचे पैसे मोजतो तो काळा आहे. तुम्ही मागणी एका मालाची मोजली आणि परवानगी दुसऱ्या मालाची वाचली. माझ्या मते सगळी गफलत इथे आहे.

हे गणित काचेपाशी आणखी अवघड होते. फिल्मच्या डब्यावर लिहिलेली टक्केवारी फक्त फिल्मची असते, तर पोलिसांचे मीटर काच आणि फिल्म मिळून किती प्रकाश जातो ते मोजते, आणि ही दोन प्रमाणे एकमेकांनी गुणली जातात. गाडीची मूळची हिरवट काच 75 टक्के प्रकाश सोडत असेल आणि तिच्यावर 70 टक्क्यांची फिल्म लावली, तर हाती येतात 52.5 टक्के. बाजूच्या काचेला ते जेमतेम चालेल. त्याच काचेवर 50 टक्क्यांची फिल्म लावली तर 37.5 टक्के उरतात आणि ग्राहक दंडास पात्र ठरतो, जरी डब्यावर ‘50’ छापलेले असले तरी. पुढच्या आणि मागच्या काचेला 70 टक्के हवेत. तिथे काच मूळची 75 टक्क्यांची असेल तर 90 टक्क्यांची फिल्मदेखील एकूण 67.5 वर आणून ठेवते. म्हणजे नियमात राहून करता येण्यासारखे काम बहुतांश गाड्यांत दारांच्या काचांपुरतेच उरते, आणि वितरकाने तुमच्यासाठी आखलेले ‘पूर्ण गाडी’चे पॅकेज कागदावरच राहते.

आता रुपयांकडे येऊ. नव्या दुकानाचे भाडे 30 हजार, दोन कारागिरांचे पगार 36 हजार, वीज व किरकोळ सहा हजार असे 72 हजार दरमहा तुम्ही धरले आहेत. त्यात कर्जाचा हप्ता तुम्ही ‘नंतर पाहू’ म्हणून सोडला आहे; आठ लाखांवर 13 टक्के दराने पाच वर्षांसाठी तो सुमारे 18,200 रुपये बसतो. म्हणजे गाळ्याचे शटर उघडताच महिन्याला 90 हजारांवर खर्च सुरू होतो. एका गाडीमागे माल वजा जाता 3,200 रुपये सुटतात असे तुम्ही लिहिले आहे, तेव्हा केवळ ना नफा ना तोटा या पातळीला येण्यासाठी दरमहा 29 गाड्या लागतील. अकरा वर्षांची ओळख असलेल्या जुन्या दुकानात सरासरी 22 येतात, नियमात बसणाऱ्या सात. आणि जुलै ते सप्टेंबर या काळात तर एकूणच नऊ-दहा येतात, कारण पाऊस सुरू झाला की माळव्यात उन्हाची आठवण कोणाला राहत नाही. सिरॅमिक फिल्म पारदर्शक असूनही उष्णता बरीच अडवते आणि तिच्यात गाडीमागे सहा हजार सुटतात, हे तुमचे म्हणणे मी गृहीत धरले, तरीही दरमहा 16 गाड्या लागतात, आणि गेल्या वर्षभरात असे ग्राहक तुमच्याकडे महिन्याला दोन-तीनच आले आहेत.

मालाच्या सूटीबद्दल तुम्ही फार उत्सुक दिसता. गाडीमागे तीन हजारांचा माल लागतो, म्हणजे साडेसहा लाखांत सुमारे 216 गाड्यांचा माल येतो. आजच्या सरासरीने तो संपायला जवळपास दहा महिने लागतील. नियमात बसणारीच कामे घेतलीत तर अडीच वर्षांहून अधिक. शिवाय तुम्ही जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या व्यावसायिकांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याच्या योजनेत, असल्यामुळे खरेदीवरील 18 टक्के कर तुम्हाला परत वळता करता येत नाही, तो मालाच्या किमतीतच मुरतो. 2012 मध्ये तुम्ही काकांच्या दुकानात काम करत होतात आणि बंदीनंतर माळ्यावर टाकलेले रोल अखेर भंगारात गेले, असे तुम्हीच पत्राच्या शेवटी, जाता जाता म्हणून, लिहिले आहे. माझ्या दृष्टीने संपूर्ण पत्रातले तेच सर्वांत मोलाचे वाक्य आहे, कारण ज्या व्यवसायाचे भवितव्य एका आदेशाने आठवडाभरात बदलू शकते, त्यात दहा महिन्यांचा माल घरात ठेवणे ही सूट नसून जोखीम विकत घेणे आहे.

त्या काळात टिकून राहिलेल्या दुकानदारांनी काय केले ते आठवून पाहा. आधी फिल्म काढून देण्याचे काम केले, मग सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम, गाडीच्या रंगावर लावायची संरक्षक फिल्म म्हणजे पीपीएफ, आणि इमारतींच्या काचा यांकडे ते वळले. आपल्या मराठी वाचकांना माहीत असलेल्या, छत्रपती संभाजीनगरमध्ये कारखाने असलेल्या गरवारे हाय-टेक फिल्म्सनेही निर्यातीवर भर दिला आणि पीपीएफचे उत्पादन सुरू केले, आणि केरळमधील वरील खटल्यात तीच कंपनी याचिकाकर्ती होती. कंपनी न्यायालयात वर्षानुवर्षे लढू शकते, कारण तिचे उत्पन्न एका राज्याच्या रस्त्यांवर अवलंबून नाही. तुम्हाला तो अवकाश नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे. जुन्याच दुकानात, एकूण साडेचार ते पाच लाखांच्या आत, काम वाढवावे. एक प्रकाशमापक मीटर घ्यावा आणि फिल्म लावण्याआधी व नंतर दोन्ही आकडे बिलावर लिहून द्यावेत. तुमच्या भागात हे करणारे दुकान नाही असे तुम्ही म्हणता, तर तीच तुमची पाटी ठरेल. एका कारागिराला पीपीएफ आणि इमारतीच्या काचांचे काम शिकवावे. पश्चिमेकडे काच असलेली कार्यालये, दवाखाने आणि नवे फ्लॅट यांची इंदुरात वाण नाही, सुपर कॉरिडॉरकडे तर रोज भर पडते आहे, आणि घराच्या खिडकीला मोटार वाहन नियम लागत नाही. प्लॉटर पहिल्या सहा महिन्यांत पीपीएफची कामे किती मिळतात ते पाहून घ्यावा. यासाठी मुदतठेवीतून दीड लाखापेक्षा अधिक काढू नये आणि उरलेले तीन लाख मुद्रा योजनेच्या किशोर गटातून, ज्याची मर्यादा पाच लाखांपर्यंत आहे आणि ज्याला तारण लागत नाही, घ्यावेत. 13 टक्के दर धरला तरी तीन वर्षांसाठी हप्ता सुमारे 10,100 रुपये येतो, आणि दुकानाच्या सध्याच्या 85 हजारांच्या निव्वळ मिळकतीतून तो पावसाळ्यातही निघू शकेल.

ठेवीला याहून अधिक हात न लावण्याचा आग्रह मी उगाच धरत नाही. मुलगी पुढील वर्षी बारावीला असेल, आईंच्या औषधोपचाराचा खर्च वाढता आहे, आणि तुमच्या नावावर मुदतीचा विमा नाही. ज्या घरात एकच कमावता माणूस आहे, तिथे नऊ लाखांतील आठ लाख एका गाळ्यात घालून मग विम्याचा विचार करणे हे क्रमाने उलटे आहे. कर्जाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी विमा घ्यावा.

वितरकाने सुचवलेली ‘चालान झाले तर दुकान भरेल’ ही जाहिरात कृपया करू नये. केंद्रीय मोटार वाहन कायद्याच्या कलम 177 नुसार दंड पहिल्यांदा 500 आणि पुन्हा घडल्यास 1,500 रुपयांपर्यंत असला, तरी खरा भुर्दंड तो नाही. फिल्म काढून नवी लावून द्या असे ग्राहक म्हणेल तेव्हा त्या गाडीवरचा सगळा नफा आणि वर तीन हजारांचा माल जाईल. पोलिसांची मोहीम एकदा सुरू झाली की एकाच आठवड्यात असे दहा-पंधरा ग्राहक दारात उभे राहतील, आणि तुमच्या हातात त्यांना दिलेले वचन असेल, पण वितरकाची कोणतीही हमी नसेल. गडद फिल्मची कामे तुम्ही हळूहळू बंद करावीत हेही मी सुचवतो. त्यातून मिळकत काही महिने घटेल, म्हणून तेवढी तूट सोसण्यासाठी घरखर्चाचे तीन महिन्यांचे पैसे वेगळे ठेवावेत.

गाळ्याच्या मालकाने महिनाअखेरपर्यंत बयाणा मागितला आहे, तो देऊ नये. वितरकाला मात्र एक विचारून पाहावे: नियम वा अंमलबजावणी बदलल्यास न फोडलेले रोल मूळ किमतीला परत घेण्याची अट तो लेखी देईल काय? तो तयार झाला तर दीड लाखापर्यंतचा माल, तोही सत्तर टक्के आणि त्याहून पारदर्शक फिल्मचाच, फेब्रुवारीअखेर उचलण्यास माझी हरकत नाही.