शेततळ्यातले मासे : ऊन आणि थंडी

प्रश्न : आमच्या अस्तरीकरण केलेल्या शेततळ्यात रोहू-कटला आहेत. मे महिन्यात रोज पहाटे दोन-चार मोठे मासे मरून तरंगतात. पाणी तापल्यानं मरतात का?
— एक शेतकरी, अंबड, जि. जालना

उत्तर : नुसत्या तापलेल्या पाण्यानं मरायचे असते तर दुपारी मेले असते. पहाटे मरतात आणि मोठेच आधी मरतात, म्हणजे प्राणवायू कमी पडतोय. (विषबाधेत बहुधा उलटं होतं, बारके आधी जातात.) रोहू-कटल्याला २५ ते ३२ अंशांचं पाणी मानवतं, त्याच्या थोडं वरही ते तग धरतात. पण २० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांना ७च्या आतच. त्यात माशाचं अंग पाण्याइतकंच तापतं, म्हणून त्याला प्राणवायू लागतोही जास्त. रात्री शेवाळसुद्धा तोच ओढून घेतं. म्हणून दिवस उगवायच्या आधीची वेळ सगळ्यांत वाईट.

हात सरळ पाण्यात घालून बघा. कोपर बुडायच्या आत तळवा दिसेनासा झाला तर शेवाळ माजलंय. मग तळ्यात टाकायचं शेणखत, युरिया बंद. खाद्य निम्म्यावर आणा, तेही सकाळी नऊनंतर द्या. पाणी पाच फुटांच्या खाली जाऊ देऊ नका. रात्री दोन ते सहा तळ्यातलंच पाणी मोटरीनं उचलून, भोकं पाडलेल्या पाइपातून परत तळ्यात उडवा. शेतीची वीज रात्रीच्या पाळीला असेल तर सोयीचंच! बोअरचं पाणी गार लागलं तरी त्यात प्राणवायू फार कमी असतो, तेव्हा तेही थेट न सोडता फवारूनच सोडा.

खरी धास्ती वळवाच्या पावसाची. पावसाचं गार पाणी जड असल्यानं खाली बसतं आणि तळाचं कुजकं, प्राणवायू नसलेलं पाणी वर ढवळून येतं. एका रात्रीत अख्ख्या तळ्यातले मासे मरतात ते यामुळे. आभाळ भरून आलं की खाद्य बंद, मोटर चालू.

प्रश्न : डिसेंबरात आमचे पंगस मासे खात नाहीत, काही मेलेही. त्याच पाण्यातले सायप्रिनस मात्र ठणठणीत. असं का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : पंगस मूळचा मेकाँगच्या खोऱ्यातला. वर येऊन हवा घेता येत असल्यानं उन्हाळा तो निभावतो, पण पाणी १५ अंशांच्या आसपास उतरलं की गारठून पडतो. सायप्रिनस थंड मुलखातही वाढणारा, बर्फाखालच्या पाण्यातही हिवाळा काढतो. रोहू या दोघांच्या मधला.

थर्मामीटर पाण्यात हातभर खाली धरून सकाळी तापमान बघा. २० अंशांच्या खाली असेल तर खाद्य पाव हिश्श्यावर आणा आणि दुपारी बाराच्या पुढे द्या. उरलेलं खाद्य तळाशी कुजतं. थंडीत विनाकारण जाळं ओढू नका, खवले निघालेल्या जागी जखमा चिघळतात. विक्रीजोगे पंगस मात्र कडाका पडायच्या आधीच काढून घ्या.