रक्तातले 'क्षार' म्हणजे नेमके कोणते?

प्रश्न नाशिकरोडच्या एका ताईंचा आहे. वडिलांची मूत्रपिंडे निकामी होत चालली आहेत. डॉक्टर म्हणाले, 'क्षार वाढलेत', आणि त्याच चिठ्ठीवर सोडा बायकार्बच्या (सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे खाण्याचा सोडा) गोळ्या लिहून दिल्या. सोडा हा क्षारच ना, मग वाढलेल्यात आणखी भर कशाला?

ताई, गोळी बरोबर आहे, घोळ शब्दात आहे. क्षारचा जुना अर्थ आम्ल मारणारा पदार्थ. पापडखार, सज्जीखार, जव जाळून केलेला जवखार, यांतला 'खार' तोच. हिंदीत आजही क्षार म्हणजे हेच. आपल्या शाळेच्या पुस्तकांनी मात्र त्याला आम्लारी म्हटले, आणि आम्ल-आम्लारी एकत्र येऊन जे बनते, म्हणजे मीठ वगैरे, त्याला क्षार. डॉक्टरांच्या बोलण्यातला क्षार हा दुसरा: सोडियम, पोटॅशियम, फॉस्फरस, कॅल्शियम.

त्यातही मूत्रपिंड थकले की सगळेच वाढतात असे नाही. पोटॅशियम आणि फॉस्फरस साचतात. कॅल्शियम उलट उतरते, कारण ड जीवनसत्त्व शरीराला वापरता येईल अशा रूपात आणणे हे मूत्रपिंडाचेच काम. सोडियम पुष्कळदा जागच्या जागी दिसते, कारण त्याच्याबरोबर पाणीही अंगात राहते. आणि शरीरात रोज तयार होणारे आम्ल पुरेसे बाहेर पडत नाही, ते मारता मारता रक्तातले बायकार्बोनेट खर्ची पडते. निफाडचा द्राक्षबागायतदार मातीचा 'सामू' (pH, म्हणजे ती आम्लाकडे झुकते की आम्लारीकडे) आणि 'क्षारता' (तिच्यातल्या मिठांचे प्रमाण) वेगवेगळी तपासून घेतो, तसेच इथे. निरोगी रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५, मूत्रपिंड बिघडले की तो खाली झुकू लागतो. म्हणजे जुन्या अर्थाचा क्षार घटतो आणि नव्या अर्थाचे काही वाढतात. गोळी त्या घटलेल्यासाठी.

हा मोघम शब्द मला इथे धोक्याचा वाटतो. तो ऐकून घरचे लोक जेवणातले मीठ कमी करतात आणि अशक्तपणा आला म्हणून शहाळे पाजतात. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर! कमी सोडियमचे म्हणून जे मीठ विकतात, त्यात तर बहुधा पोटॅशियम क्लोराइडच घातलेले असते. पोटॅशियम फार चढले की हृदयाचे ठोके बिघडतात, तेही कधीकधी आधी काही न जाणवता. तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा, 'कोणता क्षार, किती?' रिपोर्टवर पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ च्या आत आहे का, तेही पाहा. सोड्याची गोळी मात्र परस्पर कमी-जास्त करू नका.