वाचकांचे प्रश्न : कचरा त्यांच्याच दारात का?

प्रश्न : मी वृत्तपत्रविद्येची विद्यार्थिनी आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय वस्त्यांमधील प्रदूषणाच्या बातम्या वाचताना वाटते की, हा मुळात गरिबीचा प्रश्न असून त्याला वर्णभेदाचा रंग दिला जातो. गरीब माणूस स्वस्त जागेतच राहणार, आणि स्वस्त जागा कारखान्याजवळच मिळणार. बातमीदाराने यातला फरक कसा दाखवावा?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : आपली शंका रास्त आहे, आणि अमेरिकेतही ती वर्षानुवर्षे घेतली गेली आहे. तिचे उत्तर मिळाले ते नकाशावर एकेक पत्ता मांडून. ह्यूस्टन शहरात नॉर्थवुड मॅनर या वसाहतीलगत कचरा डेपो होणार असे १९७९ च्या सुमारास ठरले. ही झोपडपट्टी नव्हती. स्वतःच्या घरांत राहणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबांची ती वसाहत होती आणि तिच्यातील ऐंशी टक्क्यांहून अधिक रहिवासी कृष्णवर्णीय होते. त्यांच्या वतीने लिंडा मॅककीव्हर बुलार्ड यांनी दावा लावला, तर त्यांचे समाजशास्त्रज्ञ पती रॉबर्ट बुलार्ड यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून शहरातील जुन्यानव्या कचरा डेपोंचा माग काढला. १९२० च्या दशकापासूनचा हिशेब मांडल्यावर दिसले की, महापालिकेचे पाचही डेपो आणि कचरा जाळण्याच्या आठपैकी सहा भट्ट्या कृष्णवर्णीय वस्त्यांत होत्या. शहराच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा मात्र सुमारे चतुर्थांशच होता. हेतुपुरस्सर भेदभाव सिद्ध न झाल्याने दावा फेटाळला गेला आणि डेपोही झाला, परंतु आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या हिशेबात आहे : घर मालकीचे आणि मिळकत बऱ्यापैकी असूनही त्या कुटुंबांच्या वाट्याला कचराच आला.

म्हणून बातमीदाराने आधी विचारावे की, वस्ती अगोदरची की कारखाना, आणि जागा कोणी निवडली. लुइझियानात बॅटन रूज ते न्यू ऑर्लिन्स या सुमारे ८५ मैलांच्या नदीकाठाला 'कॅन्सर अ‍ॅली', म्हणजे कर्करोगाची गल्ली, म्हणतात. तेथील अनेक रासायनिक कारखाने उसाच्या जुन्या मळ्यांच्या जमिनींवर उभे आहेत, आणि शेजारच्या कित्येक वस्त्या गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांनी वसवलेल्या आहेत. तेथे माणसे स्वस्त जागा शोधत कारखान्यापाशी आली नाहीत. कारखानेच त्यांच्या अंगणापर्यंत आले. ही एक गोष्ट बातमीत नसली की सगळी बातमीच खोटी वाटू लागते, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट रहिवाशांच्या शब्दाची. मिशिगनमधील फ्लिंट या कृष्णवर्णीय बहुसंख्येच्या शहराला एप्रिल २०१४ पासून फ्लिंट नदीचे पाणी देण्यात आले, पण त्यात गंजरोधक रसायन घातले गेले नाही आणि जुन्या नळांतले शिसे पाण्यात उतरू लागले. लोक पिवळट-तपकिरी पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना जात, आणि पाणी सुरक्षित असल्याचे अधिकारी सांगत. त्याच वर्षी ऑक्टोबरात जनरल मोटर्सने, या पाण्याने इंजिनाचे भाग गंजतात म्हणून, आपल्या कारखान्यापुरते ते बंद करून घेतले. घराघरांतील मुले मात्र आणखी वर्षभर तेच पाणी पीत राहिली. या दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवल्या असत्या, तर ती बाटली हीच पहिल्या पानाची बातमी होती. अधिकाऱ्याचा खुलासा जरूर घ्यावा, पण बाटली हातात घेऊन मग घ्यावा.

प्रश्न : उकाडा तर सर्वांनाच होतो. मग हवामानबदलाच्या बातमीत वर्णाचा उल्लेख कशासाठी?
(एक वाचक, नागपूर)

उत्तर : उकाडा सर्वांना होतो, पण सारखा होत नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेत सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे करून ज्या वस्त्यांत गृहकर्ज देणे 'धोक्याचे' ठरवले, त्या लाल रंगाने दाखवल्या. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुधा त्यात असत. पुढे तेथे झाडे लागली नाहीत. महामार्ग, डांबर आणि गोदामे मात्र आली. १०८ शहरांच्या २०२० मधील एका अभ्यासात, त्या लाल वस्त्यांचा पृष्ठभाग, त्याच नकाशांत कर्जासाठी उत्तम ठरवून हिरव्या रंगाने दाखवलेल्या वस्त्यांपेक्षा सरासरी सुमारे २.६ अंश सेल्सियसने अधिक तापलेला आढळला. शहराचे म्हणून जे तापमान छापून येते, ते पुष्कळदा विमानतळावर मोजलेले असते. त्यामुळे बातमीदाराने एकाच दुपारी, एकाच वेळी, दोन वस्त्यांतील बसथांब्यांवर तापमापक धरावा आणि दोन्ही आकडे छापावेत.