दक्षिण सुदानला येण्याआधी: तुमच्या प्रश्नांची माझी उत्तरं

नमस्कार. गडचिरोलीत नऊ वर्षं काम केल्यावर एका आंतरराष्ट्रीय संस्थेने तुम्हाला दक्षिण सुदानच्या राजधानीत, जुबात, ‘संघर्ष प्रतिबंध सल्लागार’ म्हणून एका वर्षाचं कंत्राट देऊ केलंय. काम नेमकं काय असतं, बाईला तिथे एकटीने राहता येतं का, गडचिरोलीचा अनुभव उपयोगी पडेल का, आणि नवरा नि आठवीतली मुलगी पुण्यात ठेवून जावं का, असं तुम्ही विचारलंत. मी २०१७पासून दक्षिण सुदानात आहे, आधी बोरला आणि आता जुबात. माझं मत सांगते: या, पण एका वर्षासाठी येऊ नका. किमान दोन कोरडे हंगाम देता येणार असतील तरच या. हे का, ते सांगायचं तर गुरांपासून सुरुवात करावी लागेल.

बातम्यांतून दिसणारं युद्ध तुम्ही वाचलंच असेल. ९ जुलै २०११ला देश स्वतंत्र झाला आणि डिसेंबर २०१३मध्ये जुबातच गोळीबार सुरू झाला. एका बाजूला राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर, दुसऱ्या बाजूला त्यांनी पदावरून काढलेले उपराष्ट्राध्यक्ष रिएक माचार, आणि बघता बघता ते भांडण दिंका विरुद्ध नुएर, म्हणजे इथल्या दोन सर्वांत मोठ्या जमातींचं झालं. पुढच्या पाचेक वर्षांत लढाई, भूक आणि रोगराई मिळून जवळपास ४ लाख माणसं गेली, असा लंडनच्या संशोधकांचा अंदाज आहे. २०१५चा शांतता करार जुलै २०१६मध्ये कोसळला, सप्टेंबर २०१८मध्ये नवा झाला, निवडणुका पुढे ढकलत ढकलत डिसेंबर २०२६वर नेल्या. मार्च २०२५मध्ये नासिरची सरकारी लष्करी छावणी सशस्त्र नुएर तरुणांच्या हाती पडली, माचार नजरकैदेत गेले आणि सप्टेंबरात त्यांच्यावर देशद्रोहाचा आरोप ठेवला गेला. हे सगळं पाठ असू द्या. पण तुमच्यासमोर रोज येणारं काम याच्या खालच्या थरातलं असेल.

इथे गाय म्हणजे बँक, हुंडा, दंड, इज्जत, सगळं एकच. लग्नात मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी गुरं द्यायची असतात. खून झाला तर भरपाई गुरांतच ठरते. ज्या तरुणाकडे गुरं नाहीत त्याचं लग्न होत नाही, आणि गुरं मिळवायचा सगळ्यांत जलद मार्ग म्हणजे शेजारच्या जमातीची पळवून आणणं. पूर्वी हे भाल्यांनी व्हायचं, आता स्वयंचलित बंदुकांनी होतं. बोर ज्या राज्यात आहे त्या जोंगलेईत गुरांसोबत मुलं आणि बायकाही पळवून नेतात. नुएर गुराखी पोरांच्या ज्या जमावाला ‘व्हाइट आर्मी’ म्हणतात, तीच पोरं एरवी गोठ्याची राखण करत असतात. म्हणून ‘राजकीय हिंसा’ आणि ‘गुरांची चोरी’ हे तुमच्या अहवालात दोन वेगळे रकाने असले तरी जमिनीवर तो एकच धागा असतो. जुबातल्या पुढाऱ्यांना हे नेमकं ठाऊक असतं. भांडण पेटवायचं असेल तेव्हा ते गुरांच्या वाटेवरच पेटवतात.

आणि गुरांना पंचांग असतं. साधारण मे ते ऑक्टोबर पाऊस. या काळात नाईलकाठची सुद्द नावाची प्रचंड दलदल पसरते, रस्ते चिखलात जातात, माणसं आपापल्या गावी असतात. डिसेंबरपासून जमीन सुकू लागते, गवत आणि पाणी नदीकाठच्या सखल कुरणांकडे सरकतं आणि वेगवेगळ्या जमातींचे कळप एकाच पाणवठ्यावर येऊन ठेपतात. आपल्याकडे धनगरांचे वाडे कोकणात उतरतात, तेव्हा कोणाच्या शेतात बसायचं नि त्याबद्दल काय घ्यायचं हे आधी बोलून ठरतं. इथेही असंच ठरवावं लागतं. न ठरवता कळप शिरला की पीक जातं, मग माणूस जातो, मग सूड. जानेवारीत गोळीबार झाल्यावर जुबातून हेलिकॉप्टरने पोचणं याला मी प्रतिबंध म्हणत नाही. प्रतिबंधाचं काम ऑक्टोबर-नोव्हेंबरात होतं, कळप हलायच्या आधी.

त्याचं मला सगळ्यांत पटलेलं उदाहरण वायव्येकडच्या वाऊ शहराजवळचं आहे. २०१६मध्ये मारियाल बाई इथे तिथले शेतकरी आणि तोंज-गोग्रियालचे गुराखी यांनी करार केला: गुरं केव्हा आणायची, कोणाला विचारून, कोणत्या वाटेने, बंदुका घरी ठेवायच्या, पीक खाल्लं तर भरपाई काय. तो मोडलाही गेला. २०१९मध्ये त्याच भागात भयंकर हिंसाचार झाला, हजारो माणसं घरं सोडून पळाली. पण नंतर लोक भांडायला आणि बोलायला पुन्हा त्याच नियमांकडे आले, कारण नियम त्यांचे होते. जुबाच्या हॉटेलात तयार झालेल्या कागदाचं असं होत नाही.

याहून जुनं उदाहरण वुनलित या गावचं. १९९९मध्ये, सुदानचं मोठं उत्तर-दक्षिण युद्ध चालू असतानाच, चर्चच्या पुढाकाराने पश्चिमेकडच्या दिंका आणि नुएर मुखियांनी तिथे तह केला. आधीच्या वर्षी केनियातल्या लोकिचोगिओला मुखिये भेटले, मग एकमेकांच्या मुलखात पाहुणे म्हणून जाऊन आले, त्यानंतर मोठी सभा. पांढऱ्या बैलाचा बळी देऊन शपथा झाल्या. प्रत्येक बाजूने आपल्या तक्रारी भर सभेत, दुसऱ्यासमोर, शेवटपर्यंत सांगितल्या आणि तोवर कोणी मध्ये बोललं नाही. सभेचा खर्च आणि विमानं बाहेरून आली, पण सभा तिथल्या माणसांचीच राहिली. तुमच्या पदाचं काम मला विचाराल तर तेवढंच आहे: विमान, वेळ, सुरक्षित जागा आणि आधीच्या भेटीगाठी. तोडगा सुचवायची घाई करणारे सल्लागार इथे पुष्कळ येऊन गेले. मार्च २०२१मध्ये जोंगलेईतल्या पिएरीत दिंका, लोऊ नुएर (नुएरांची एक शाखा) आणि मुर्ले या शेजारी जमाती समोरासमोर बसल्या आणि पळवलेली बायका-मुलं परत द्यायचं मान्य केलं, त्यामागेही आधीचे कित्येक महिने गावोगाव चाललेली बोलणी होती.

म्हणूनच एका वर्षाचं कंत्राट पुरत नाही. पहिल्या कोरड्या हंगामात तुम्हाला फक्त कळेल कोण कोणाशी बोलतं आणि कोण कोणाच्या नावाने बोलतं. दुसऱ्या हंगामात लोक तुम्हाला काही सांगायला लागतील. सांगणारे बहुधा पुढारी नसतात. बाजारात भाजी विकणाऱ्या बायकांना धोका सगळ्यांत आधी कळतो. शेजारच्या जमातीच्या बायका बाजाराला यायच्या थांबल्या, कोणी हंगाम नसताना गुरं हलवली, मुलांना शाळेतून काढून आजोळी पाठवलं, अशा खुणा असतात. या खुणा वाचणारे तुमचे दक्षिण सुदानी सहकारी असतील. पगार तुम्हाला जास्त आणि धोका त्यांना जास्त, ही इथली रचना आहे आणि मला ती मनापासून खटकते. परिस्थिती बिघडली की आपल्याला विमानात बसवतात, ते इथेच राहतात. त्यांचं नाव अहवालात कुठे यावं, कुठे येऊ नये, हे त्यांना विचारूनच लिहायचं, एवढं तरी आपल्या हातात असतं.

गडचिरोलीचा अनुभव उपयोगी पडेल, नक्की पडेल. ग्रामसभेत पाच तास बसून ऐकायची सवय, सरकार आणि बंदूकधारी यांच्या मधोमध राहणाऱ्या गावाची भीती ओळखणं, पावसात तुटलेल्या गावापर्यंत पोचायची जिद्द, हे शिकवून येत नाही. मात्र इथे सरकार विरुद्ध बंडखोर अशा दोन सरळ बाजू शोधू नका. आज सरकारात असलेला सेनापती उद्या जंगलात असतो आणि परवा परत मंत्री होतो.

आपल्या मातीतून या कामापर्यंत येणारा एक धागा आहे, तो तुम्हाला बळ देईल म्हणून सांगते. विनोबांनी १९५७मध्ये शांतिसेना उभी केली. निःशस्त्र माणसांनी दंगलीच्या मधोमध जाऊन उभं राहायचं, ही गांधीजींची कल्पना. तीच कल्पना पुढे नेणारी ‘नॉनव्हायोलंट पीसफोर्स’ ही संघटना २००२मध्ये दिल्लीजवळच्या सूरजकुंडला स्थापन झाली आणि २०१०पासून ती दक्षिण सुदानात आहे. एप्रिल २०१४मध्ये बोरच्या संयुक्त राष्ट्रांच्या तळावर हल्ला झाला तेव्हा तिचे दोन निःशस्त्र कार्यकर्ते बायका-मुलांसोबत एका झोपडीत अडकले होते. बंदूकवाल्यांनी त्यांना पुन्हा पुन्हा बाहेर निघायला सांगितलं, ते निघाले नाहीत, आणि ती बायका-मुलं वाचली. या संघटनेच्या गावपातळीवरच्या महिला संरक्षण गटांचं काम येऊन बघाच.

आता सुरक्षितता. जुबात तुम्ही भिंतीआडच्या कंपाउंडमध्ये राहाल, संध्याकाळनंतर संस्थेच्या गाडीशिवाय फिरता येणार नाही. बाई म्हणून सगळ्यांत मोठा धोका रात्रीच्या लुटमारीचा आणि शिस्त सुटलेल्या शिपायांचा. जुलै २०१६मध्ये परदेशी मदत कार्यकर्त्यांवर एका निवासी कंपाउंडमध्येच हल्ला झाला आणि बलात्कार झाले. हे मी लपवणार नाही. संस्थेला विचारा: कंपाउंडमध्ये सुरक्षित खोली आहे का, रात्री फोन केला तर कोण येतं, बाहेर काढायचा निर्णय कोण घेतं. जुबात भारतीय दूतावास आहे, पोचल्याबरोबर नाव नोंदवा. २०१६मध्ये ‘ऑपरेशन संकट मोचन’ झालं तेव्हा हवाई दलाच्या विमानांनी दीडशेच्या वर लोकांना नेलं, आणि यादीत नाव असण्याचा अर्थ तेव्हा सगळ्यांना कळला.

भारतीय असल्याचा इथे फायदा होतो. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतले आपले जवान इथे मारले गेलेत: ९ एप्रिल २०१३ला जोंगलेईत गुमुरुकजवळ पाच, त्याच डिसेंबरात अकोबोच्या तळावर दोन. २०१९ ते २०२२ या काळात त्याच शांतिसेनेचे सेनापती लेफ्टनंट जनरल शैलेश तिनईकर होते. पण खेड्यात मला आदर मिळतो तो बहुतेक वेळा उत्तरेकडच्या मलाकाल शहरातल्या भारतीय तुकडीतल्या पशुवैद्यांमुळे. ज्यांनी गाय बरी केली त्यांच्या देशाची बाई, एवढी ओळख पुरते.

आरोग्याचं थोडक्यात: पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि कार्ड जपून ठेवा. ते नसेल तर सुट्टीवर मुंबईत उतरताना तुम्हाला विलगीकरणात ठेवू शकतात. मलेरिया इथे गंभीर प्रकारचा असतो, ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं. मसाले-डाळी युगांडाहून येतात, त्याची काळजी नको. इंग्रजीवर ऑफिस चालतं, पण बाजार आणि माणसं जुबा अरबीवर चालतात, ती पहिल्या महिन्यातच शिकायला घ्या.

कंत्राटाकडे मात्र नीट बघा. २०२५मध्ये युएसएड ही अमेरिकी सरकारची मदतसंस्था बंद झाली आणि इथल्या कितीतरी संस्थांचे प्रकल्प मध्येच थांबले. संयुक्त राष्ट्रांनीही त्याच वर्षी शांतिसैनिकांची संख्या सुमारे चतुर्थांशाने कमी करायचं जाहीर केलं. त्यामुळे तुमच्या पदाचा पैसा कोणत्या देणगीदाराचा आणि कधीपर्यंतचा, हे स्पष्ट विचारा. ‘कन्सल्टंट’ लिहिलं असेल तर विमा, आजारपणात नैरोबीला हलवायचा खर्च आणि विश्रांतीची रजा कोण देणार ते लेखी घ्या. तोंडी आश्वासनं इथे फार देतात. कामासाठी जायला काही भारतीयांना आपल्या सरकारची स्थलांतर-परवानगी (ईसीआर) ज्या देशांसाठी लागते त्या यादीत दक्षिण सुदान आहे, पण तुमचा पदवीधराचा पासपोर्ट असल्यामुळे तुम्हाला ती अडचण येऊ नये. तरी पासपोर्टवर ‘ईसीआर’चा शिक्का नाही ना, ते बघून घ्या.

मुलीबद्दल तुम्ही विचारलंत, तेच लिहायला सगळ्यांत जड जातंय. जुबात कुटुंब आणता येत नाही. काही जण घर नैरोबीला करतात. तिथे मराठी कुटुंबं आहेत, चांगल्या शाळा आहेत, जुबाहून विमानाने थोडक्या वेळात पोचता येतं. पण आठवीतल्या मुलीची शाळा बदलून, नवऱ्याची नोकरी सोडवून हे करणं एका वर्षाच्या कंत्राटावर योग्य नाही. माझ्या मते, मुलीची दहावी होऊ द्या. तोवर इथल्या कामाशी जोडून राहायचं असेल तर थोड्या मुदतीची कामं घ्या. दोन वर्षांनी याल तेव्हाही हे काम संपलेलं नसेल, दुर्दैवाने. आणि आत्ताच यायचं ठरवलंत, तर संस्थेला रुजू होण्याची तारीख सप्टेंबरअखेरीची मागा आणि दुसऱ्या वर्षाची हमी कंत्राटात लिहून मागा. त्यांनी नाही म्हटलं तर तुमच्या जागी मी ही ऑफर घेतली नसती. कंत्राटातली विम्याची आणि मुदतीची कलमं मला पाठवा, वाचून सांगते.