वाचनालयासाठी संस्था नोंदवतोय. देणगीदारांना मताधिकार असलेले सभासद करावं का?

नका करू. काम पाच-सात जणच ओढणार असतील तर सार्वजनिक न्यास (ट्रस्ट) नोंदवा. तिथे सभासद लागतच नाहीत, कारभार विश्वस्त बघतात. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली गेलात तर किमान ७ जण लागतात, शिवाय सर्वसाधारण सभा, कोरम, निवडणूक आलीच. उद्देश बदलायचा तरी कलम १२ प्रमाणे दोन सभांत तीन पंचमांश मतं हवीत. संस्थांचे बदल अहवाल (कार्यकारिणी बदलली की धर्मादाय कार्यालयाला द्यायची माहिती) मी तयार करतो, त्यावरून सांगतो: भांडण बहुतेकदा सभासद नोंदवहीवरून पेटतं. वर्गणी ३ महिन्यांहून जास्त थकली की कलम १५ नुसार मत नाही, पण पावतीपुस्तकच सापडत नाही! मग निवडणुकीनंतर ९० दिवसांत दाखल केलेल्या अहवालावर धर्मादाय कार्यालयात हरकत येते आणि तारखा सुरू. देणगीदारांना ‘हितचिंतक’ म्हणा, आणि त्यांना मत नाही हे न्यासपत्रात स्पष्ट लिहा. मात्र जागा आणि पुस्तकं गावाच्या वर्गणीतून उभी राहणार असतील तर मतदार सभासदच ठेवा. विश्वस्त आपसातच वारस नेमायला लागले की गावाच्या हाती तक्रार अर्जापलीकडे फारसं काही उरत नाही.