चित्ता टिपण्याआधी चित्ता पाहावा

प्रिय चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात तुला सहा दिवस मिळणार आहेत, हे वाचून आनंद झाला. कोणती लेन्स न्यावी हे तू पहिल्याच ओळीत विचारले आहेस, म्हणून ते आधी उरकतो. सहाशे मिलिमीटरपर्यंत जाणारी झूम लेन्स पुरेशी आहे. ट्रायपॉडचा गाडीत काही उपयोग नसतो. लेन्स टेकवायला रिकामी बीनबॅग, म्हणजे कापडी पिशवी, ने आणि तिथे तांदूळ भरून घे. धाव टिपताना शटरचा वेग १/२५०० सेकंदापेक्षा कमी ठेवू नकोस. सकाळी दहानंतर तापलेल्या गवतावर हवा थरथरू लागते आणि कितीही महागडी लेन्स दूरचे चित्र धूसरच देते, तेव्हा पहाटेची वेळ झोपेत घालवू नकोस.

आता खरे काम. वारुळावर बसलेली चित्त्याची मादी हे सगळ्यांना मिळणारे छायाचित्र आहे. ते काढ आणि मग कॅमेरा मांडीवर ठेवून तिची नजर पाहा. नजर इकडेतिकडे फिरते आहे तोवर काही घडत नाही. थॉमसन गझेल या छोट्या हरणांच्या कळपावर नजर खिळली, मादी वारुळावरून उतरली आणि डोके खांद्यांच्या रेषेत आणून चालू लागली, की तयारीला लाग. हरणाने मान वर केली की ती जागच्या जागी थिजते, मान खाली गेली की पुन्हा चार पावले टाकते. हा खेळ अर्धा तासही चालतो आणि कित्येकदा धावेविनाच संपतो. प्रत्यक्ष धाव मात्र काही शे मीटरांची, मिनिटाच्याही आत आटोपणारी असते. शिकारीचा गळा दाबून धरल्यानंतर ती इतकी धापा टाकते की लगेच खाताही येत नाही, आणि तरस किंवा सिंह येऊन घास हिरावतात ते याच वेळी.

आपल्याकडे कोल्हापूर संस्थानात चित्तेवान, म्हणजे चित्ते सांभाळणारे, शिकारीचे चित्ते बैलगाडीवरून काळविटांजवळ नेत, कारण काळविटांना बैलगाडीची भीती वाटत नसे. मारातला चित्ताही कधी कधी सफारीच्या गाडीचा आडोसा घेतो, पण तो त्याने निवडलेला असावा. मी पहिल्या सफरीत ड्रायव्हरला ‘अजून थोडे पुढे’ म्हणत राहिलो, गाडी नेमकी मादी आणि हरणे यांच्या मध्ये गेली आणि तासाभराची तिची मेहनत फुकट गेली. त्या दिवशीची छायाचित्रे सुरेख आहेत. मी ती कोणाला दाखवत नाही.

हा केवळ सौजन्याचा प्रश्न नाही. मारामधल्या चित्त्यांवरचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला: पर्यटकांची वर्दळ जास्त असलेल्या भागात मादीची एका वेतातली सरासरी ०.२ पिल्लेच स्वतंत्र होण्याच्या वयापर्यंत पोहोचत होती, तर वर्दळ कमी असलेल्या भागात २.३. म्हणून पहिल्याच संध्याकाळी ड्रायव्हरला स्पष्ट सांग की जवळ नेल्याबद्दल नव्हे, तर लांब थांबवल्याबद्दल तू जास्त बक्षिसी देशील. पाहुण्याला खूश करण्याच्या दडपणाखाली तोही असतो, त्याला दोष देऊ नकोस. आधीच पाच गाड्या असतील तर दुसरीकडे जा. पिल्ले असतील तर इंजिन बंदच हवे. मादी त्यांना पक्ष्यासारख्या बारीक चिवचिवाटाने बोलावते आणि इंजिनाच्या घरघरीत तो तुलाही ऐकू येणार नाही.

भेटलेल्या प्रत्येक चित्त्याची डावी आणि उजवी अशा दोन्ही कुशींची साधी, स्वच्छ छायाचित्रे घे. ठिपके दोन्ही बाजूंना वेगळे असतात आणि ओळख त्यांवरून व शेपटीच्या कड्यांवरून पटते. शेजारी वहीत वेळ, गाड्यांची संख्या आणि तुम्ही पोहोचल्यावर त्याने काय बदलले, एवढे लिही. परत आलास की छायाचित्रांआधी ती वही मला पाठव.

तुझा,
काका